सोळावं सरलं: कॉलेज की अप्रेंटिसशिप, आणि पैसे कुणाच्या खात्यात?

सांजवात
६ जुलै २०२५, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय घरगुती आहे, पण यूकेत राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या दारात तो आज ना उद्या येणार.

आम्ही लेस्टरला. लेकाला मार्चमध्ये सोळा पूर्ण झाली. जीसीएसई (इथली दहावी) आटोपल्या, निकाल २१ ऑगस्टला. धाकटी बारा वर्षांची. नवऱ्याच्या पाठीचं दुखणं सुरू झाल्यापासून त्याचं काम निम्म्यावर आलंय, मी गोदामात अर्धवेळ रात्रपाळी करते, आणि जे कमी पडतं ते युनिव्हर्सल क्रेडिटमधून, म्हणजे कमी कमाईच्या घरांना सरकारकडून मिळणाऱ्या मदतीतून भागतं.

लेकाला वायरिंगचं वेड आहे. घरचा टोस्टर त्याने दोनदा उघडला, त्यातला एकदा तो नंतर चाललाही. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. दोन वाटा आहेत. कॉलेजात जाऊन लेव्हल २ इलेक्ट्रिकल करायचं, नाहीतर अप्रेंटिसशिप धरायची, कमवत शिकायचं. ओळखीचा एक कंत्राटदार "पाठवा, बघू" म्हणालाय.

मध्येच एचएमआरसीचं, म्हणजे करखात्याचं पत्र आलं. ते पाकीट फ्रीजवर पिझ्झाच्या पत्रकाखाली चार दिवस पडून होतं. आज उघडलं तर आत लिहिलंय, मुलगा पुढे शिकणार आहे का ते कळवा, नाही कळवलंत तर ३१ ऑगस्टनंतर चाइल्ड बेनिफिट (मुलामागे मिळणारा सरकारी भत्ता) बंद.

मैत्रीण म्हणते, अप्रेंटिसशिप घेतली तर चाइल्ड बेनिफिटही जाईल आणि युनिव्हर्सल क्रेडिटमधला मुलाचा हिस्साही जाईल. मी म्हटलं, अगं पण तो शिकणारच आहे ना? तर म्हणाली, सरकारच्या लेखी तो कामाला लागला. खरं आहे का हे? आणि कॉलेजला गेला तर हातात काही पडतं का? पूर्वी सोळानंतर शिकणाऱ्या मुलांना ईएमए का काहीतरी भत्ता मिळायचा म्हणे.

रात्रपाळीहून येऊन वाचेन. लिहा हं.


आकडेमोड
७ जुलै २०२५, सकाळी ७.०५

मैत्रिणीचं बरोबर आहे. चाइल्ड बेनिफिट विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकतं, पण 'मान्य' शिक्षण किंवा प्रशिक्षण हवं. म्हणजे बारावीच्या तोडीपर्यंतचं, ए लेव्हल, टी लेव्हल, बीटेक, लेव्हल ३ पर्यंतची एनव्हीक्यू वगैरे, आणि आठवड्याला सरासरी १२ तासांहून जास्त. युनिव्हर्सिटीचा अभ्यासक्रम चालत नाही. इंग्लंडमधली अप्रेंटिसशिप ही नोकरी धरतात, त्यामुळे तीही नाही.

आता तुमच्या घराचा हिशोब, कारण लोक इथेच चुकतात. चाइल्ड बेनिफिट पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येकाला १७.२५. लेक यादीतून गेला की धाकटी 'पहिली' होते, तिचे १७.२५ चे २६.०५ होतात. म्हणजे घरातून जाणार २६.०५ नव्हे, १७.२५. महिन्याचे ७४.७५.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्येही तसंच. ६ एप्रिल २०१७ च्या आधी जन्मलेल्या पहिल्या मुलाचा हिस्सा महिन्याला ३३९, दुसऱ्याचा २९२.८१. मुलगी बारा वर्षांची म्हणजे ती त्या तारखेआधीची. मोठा गेला की वरचा दर तिला. जाणार २९२.८१.

एकूण महिन्याला ३६७.५६ पौंड कमी.

आता दुसरी बाजू. अप्रेंटिसचं किमान वेतन या एप्रिलपासून तासाला ७.५५. आठवड्याला ३७ तास धरले तर २७९.३५, महिन्याला साधारण १,२१०. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी) वजा जाता हातात ११६५ च्या आसपास. हा पगार तुमच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये धरत नाहीत, आणि घरभाड्याच्या मदतीतली सज्ञान मुलांची वजावटही २१ पूर्ण होईपर्यंत लागत नाही.

थोडक्यात घरात पैसे वाढतात, कमी होत नाहीत.


सांजवात
७ जुलै २०२५, सकाळी ९.४०

आकडेमोड, इतकं मांडून दिल्याबद्दल मनापासून आभार. धाकटी 'पहिली' होते हे तर डोक्यातच आलं नव्हतं.

पण घरात पैसे वाढतात म्हणजे कुणाच्या घरात हो? पगार त्याच्या खात्यात, खड्डा माझ्या खात्यात. ३६७ पौंड म्हणजे आमचं वीज-गॅस आणि निम्मा किराणा. ते मी सोळा वर्षांच्या पोराकडे मागायचे? नवऱ्याला नुसतं विचारलं तर म्हणाला, "पोराच्या पहिल्या पगाराला हात लावायचा नाही, तो देवापुढे ठेवायचा." मी म्हटलं, देवापुढे ठेवू, पण मग विजेचं बिल कुणापुढे ठेवू?


कार्डिफची काकू
७ जुलै २०२५, दुपारी १२.१५

शेवटची ओळ वाचून चहा सांडला माझा.

इंग्लंडातलं मला फारसं कळत नाही, पण वेल्समध्ये ईएमए अजून आहे. आमच्या कन्येला मिळायचं. २०२३ पासून आठवड्याला ४० पौंड, त्याआधी ३० होते. दोन आठवड्यांचे एकदम येतात, थेट तिच्या खात्यात. हजेरी मात्र कडक. एक तास जरी विनापरवाना बुडाला तरी त्या आठवड्याचे गेले. दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि चिठ्ठी द्यायची राहिली, एवढ्यावर तिने ४० पौंड घालवलेत. तेव्हापासून दात दुखला तरी आधी कॉलेजला फोन.


ग्लासगोकर
७ जुलै २०२५, दुपारी १.५०

स्कॉटलंडमध्येही आहे, ३० पौंड. आमच्याकडे शिवाय २२ वर्षांखालच्यांना बस फुकट, २०२२ च्या जानेवारीपासून. नॉर्दर्न आयर्लंडलाही ईएमए आहे. बंद झालं ते फक्त इंग्लंडात.


परतवारी
७ जुलै २०२५, संध्याकाळी ६.३०

ईएमएचं नाव काढलंत आणि मी थेट २००६ ला गेलो.

मी अकराव्या वर्षी इथे आलो, वुल्व्हरहॅम्प्टनला. बाबा गेलेले, आई दोन ठिकाणी सफाईचं काम करायची. सोळाव्या वर्षी मला ईएमए लागलं. तेव्हा घरच्या उत्पन्नाप्रमाणे १०, २० नाहीतर ३० पौंड असायचे. वर्षाला २०,८१७ पौंडांच्या आत असलात तर पूर्ण ३०. आम्ही त्याच्या खूप आत होतो.

माझ्या नावाचं पहिलं बँक खातं त्यासाठी उघडलं. कार्ड आलं तेव्हा आईने ते हातात घेऊन उलटं-सुलटं पाहिलं आणि कुंकवाचं बोट लावलं. अजून आठवतं, त्या पट्टीवर डाग राहिला होता आणि मला भीती की आता मशीन घेणार नाही.

३० पौंडांत काय व्हायचं? आठवड्याचा बसचा पास, दुपारचं खाणं, कधी एखादं पुस्तक. दहा आईला द्यायचो. ती दर वेळी नको म्हणायची आणि दर वेळी घ्यायची. वर्षातून काही वेळा १०० पौंडांचा बोनस असायचा. जानेवारीतल्या बोनसमधून मी तिला बूट घेतले, कारण सफाईच्या पाण्याने तिचे बूट आतून कुजलेले होते.

एकदा बस चुकली, वीस मिनिटं उशिरा पोचलो, सरांनी हजेरीत लाल खूण केली. तो आठवडा गेला. रडलो होतो, खोटं कशाला सांगू. पण सांजवातताई, ते पैसे माझ्या नावावर येत होते यात काहीतरी होतं. घरासाठी मी काही आणतोय असं वाटायचं, आणि तरी मी कामाला न जाता शिकत होतो. तुमच्या लेकाचा पगार तुम्ही मागायचा की नाही, हा प्रश्न कदाचित तुम्हाला वाटतो तितका त्याला अवघड वाटणार नाही.


जुना खेळाडू
७ जुलै २०२५, रात्री ८.४५

थोडं कडू बोलतो, माफ करा. इंग्लंडात अठरापर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण सक्तीचं आहे ना? मग जे करायचंच आहे त्यासाठी पोरांना पैसे कशाला? आम्ही कंदिलाखाली शिकलो वगैरे म्हणणार नाही, पण हजेरी लावल्याचे पैसे हे मला कधीच पटलेलं नाही. निम्मी पोरं त्यात मोबाइलचं बिल भरायची.


परतवारी
७ जुलै २०२५, रात्री ९.२०

भरायचीच. मीही भरलंय.

पण सक्तीचं म्हणाल तर क्रम बघा. ईएमएचे प्रयोग १९९९ ला काही भागांत सुरू झाले, २००४ ला ते इंग्लंडभर गेलं. नंतर २००८ चा कायदा आला की सतरापर्यंत आणि मग अठरापर्यंत शिकत राहायचं. ती सक्ती लागू झाली २०१३ आणि २०१५ ला. आणि ईएमए बंद झालं कधी? नव्या मुलांसाठी २०११ च्या जानेवारीत. म्हणजे आधी पैसे काढून घेतले आणि मग सक्ती केली.

दुसरं, कायदा सांगतो शिका, पण बसवाला कायदा विचारत नाही, तिकीट विचारतो. सोळापर्यंत शाळा लांब असेल तर कौन्सिलला मोफत ने-आण करावी लागते. सोळानंतर त्यांच्यावर बंधन एवढंच की आपलं प्रवासाचं धोरण दरवर्षी छापून ठेवायचं. गावाकडच्या पोरांना विचारा, त्या धोरणावर बसून कॉलेजला जाता येतं का ते.


आकडेमोड
७ जुलै २०२५, रात्री ९.५५

अवांतर आहे, पण राहवत नाही.

ईएमए बंद करताना सरकारचं म्हणणं होतं की ८८ टक्के मुलं तशीही शिकलीच असती, मग पैसे वाया. हा आकडा आला कुठून? नॅशनल फाउंडेशन फॉर एज्युकेशनल रिसर्चच्या एका पाहणीत १२ टक्के मुलांनी सांगितलं होतं की ईएमए नसतं तर आम्ही हा अभ्यासक्रम केलाच नसता. उरलेले ८८. पण 'तरीही शिकलो असतो' आणि 'नीट शिकलो असतो' या वेगळ्या गोष्टी. अर्धपोटी शिकणारा आणि शनिवार-रविवार दुकानात उभं राहून सोमवारी वर्गात पेंगणारासुद्धा त्या ८८ मध्येच.

प्रयोगाच्या भागांवर इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने जे काम केलं, त्यात सोळाव्या वर्षी पूर्णवेळ शिकणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४.५ टक्के बिंदूंनी वाढलेलं दिसलं. कुणाला हे थोडं वाटेल. मला वाटत नाही.

खर्च वर्षाला ५६ कोटी पौंडांच्या घरात होता. त्याच्या जागी जी बर्सरी (शाळा-कॉलेजमार्फत मिळणारी मदत) आणली तिला दिले १८ कोटी.


जुना खेळाडू
७ जुलै २०२५, रात्री १०.१०

बसच्या मुद्द्यापुरतं मागे घेतो. बाकी मत कायम.


ऑफिसातली मांजर
८ जुलै २०२५, दुपारी १२.४०

आले मी. उत्तरेत एका कॉलेजच्या ऑफिसात, बर्सरीचे अर्ज घेतात त्या खिडकीत बसते. त्यामुळे 'हातात काही पडतं का' याचं उत्तर मी देते.

सांजवात, इंग्लंडात आता १६ ते १९ बर्सरी आहे. तिचे दोन भाग. एक ठरावीक गटांसाठी, वर्षाला १,२०० पौंडांपर्यंत. त्यात कौन्सिलच्या देखरेखीतली आणि तिथून बाहेर पडलेली मुलं, स्वतःच्या नावावर इन्कम सपोर्ट किंवा युनिव्हर्सल क्रेडिट घेऊन स्वतःचा खर्च भागवणारी मुलं, आणि अपंगत्वाच्या भत्त्याबरोबर असाच दुसरा भत्ता स्वतःच्या नावावर असलेली मुलं. तुम्हा आई-बाबांना युनिव्हर्सल क्रेडिट मिळतं म्हणून मुलगा या भागात बसत नाही. हा गोंधळ आमच्याकडे रोज होतो. '१२०० मिळणार' असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि माझ्यासमोर चेहरा पडतो. शिवाय '१२०० पर्यंत' म्हणजे '१२००' नव्हे. गरज बघून ठरतं.

दुसरा भाग कॉलेजच्या मर्जीचा. सरकार रक्कम देतं, नियम कॉलेजने करायचे. उत्पन्नाची मर्यादा कुठे धरायची, काय द्यायचं, कधी द्यायचं, सगळं. म्हणून दोन मैलांवरच्या दोन कॉलेजांत एकाच घरातल्या जुळ्यांना वेगवेगळं मिळू शकतं. आणि आम्ही शक्यतो रोख देत नाही. बसचा पास, सुरक्षेचे बूट, हत्यारांची पेटी, पुस्तकं, लॅपटॉप, असं.

परतवारी म्हणतात ते मला पटतं, पैसे स्वतःच्या नावावर येण्यात काहीतरी होतं. आता पोरगं खिडकीशी येतं, मागे रांगेत मित्र असतात, आणि ते हळूच विचारतं, "मला बुटांबद्दल यायचं होतं." म्हणून आम्ही आता वस्तू कागदी पिशवीतून देतो, वर नाव न लिहिता. छोटी गोष्ट आहे, पण अर्ज वाढले.

व्यवहाराचं सांगते. निकालाची वाट बघू नका. बर्सरीचे अर्ज उन्हाळ्यातच सुरू होतात, आणि पैसा संपला की संपला. युनिव्हर्सल क्रेडिटची शेवटची तीन महिन्यांची पत्रकं लागतील, सगळी पानं. दुपारचं मोफत जेवण वेगळं, त्याची पात्रता वेगळी. युनिव्हर्सल क्रेडिटवर असाल तर घरची हातात येणारी कमाई वर्षाला ७,४०० च्या आत हवी. तुमच्यापैकी एकाचाही पगार धड असेल तर बहुधा बसणार नाही. आणि बर्सरी मिळाली म्हणून तुमचं युनिव्हर्सल क्रेडिट कमी होत नाही, ती भीती सोडा.

शेवटचं, त्या कंत्राटदाराचं. "पाठवा, बघू" म्हणजे अप्रेंटिसशिप नव्हे. लेखी करार, प्रशिक्षण देणारी संस्था आणि कामाच्या तासांतला शिक्षणाचा वेळ, हे तिन्ही असेल तेव्हा ती अप्रेंटिसशिप. नसेल तर तो स्वस्तातला हमाल. कॉलेजची जागा धरून ठेवा आणि त्याला लेखी मागा. एचएमआरसीला आत्ता 'शिकणार आहे' असं ॲपवरून कळवा, दोन मिनिटांचं काम. बदललं तर पुन्हा कळवा.


रिकामा डबा
८ जुलै २०२५, दुपारी २.०५

"बदललं तर पुन्हा कळवा" हे जाड अक्षरात वाचा.

आमच्या चिरंजीवांनी बारावीच्या वयात, ऐन जानेवारीत कॉलेज सोडलं. आम्हाला मार्चमध्ये कळलं! रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, बागेत बसून खायचा आणि संध्याकाळी परत. मी कळवलं मेमध्ये. चाइल्ड बेनिफिटचे तोवर जास्तीचे आलेले सगळे परत भरावे लागले. चूक माझीच, मार्चमध्ये रागाच्या भरात हे सुचलंच नाही. नंतर कळलं की सोळा-सतराच्या मुलाने शिक्षण सोडलं आणि करिअर सेवेकडे नाव नोंदवलं तर २० आठवडे चाइल्ड बेनिफिट चालू ठेवता येतं. तेही मागावं लागतं, आपोआप नाही.

तो आता सुतारकाम करतो आणि छान करतो. माझं नाव मात्र तेव्हापासून हे.


रात्रपाळी
८ जुलै २०२५, रात्री ११.५५

मी हॉस्पिटलात नर्स आहे, कुटुंबासह व्हिसावर, अजून आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) नाही. सगळं वाचतेय आणि वाटतंय की हे आपल्यासाठी नाहीच. आमच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घ्यायचा नाही असं छापलेलंय. मुलगी सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्मला (इथली अकरावी-बारावी). तिला काहीच नाही का?


ऑफिसातली मांजर
९ जुलै २०२५, दुपारी १.१५

रात्रपाळी, चाइल्ड बेनिफिट आणि युनिव्हर्सल क्रेडिट हे दोन्ही सार्वजनिक निधीच्या यादीत येतात, त्यांना हात लावू नका. व्हिसाच्या पुढच्या अर्जाला ते नडतं. पण शिक्षण त्या यादीत नाही, आणि १६ ते १९ बर्सरीही त्या यादीत नाही. मुलगी अठराच्या आत आहे आणि आई-वडिलांबरोबर रीतसर राहते, म्हणजे सिक्स्थ फॉर्मची फी नाही. बर्सरीसाठी शाळेच्या ऑफिसात विचारा, आणि विचारताना व्हिसाचं कागदपत्र आणि तुमची वेतनपत्रकं दोन्ही न्या. युनिव्हर्सल क्रेडिटची पत्रकं नाहीत म्हणून खिडकीवरची नवी मुलगी परत पाठवेल. तिला सांगा, दुसरा पुरावा चालतो का ते साहेबांना विचार.


रात्रपाळी
९ जुलै २०२५, रात्री १०.३०

तीन वर्षांत हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. धन्यवाद हा शब्द पुरत नाही.


आकडेमोड
१० जुलै २०२५, सकाळी ७.२०

माझ्यासारख्यांसाठी एक भर. घरात एकाचं उत्पन्न ६०,००० च्या वर गेलं की चाइल्ड बेनिफिटवर कर लागतो, दर २०० पौंडांमागे एक टक्का, ८०,००० ला पूर्ण परत. म्हणून मी कधी अर्जच केला नव्हता. परिणाम असा की मुलाला सोळाव्या वाढदिवसाआधी नॅशनल इन्शुरन्स नंबर आपोआप येतो तो आलाच नाही, कारण तो चाइल्ड बेनिफिटच्या नोंदीवरून येतो. उन्हाळ्यात कॅफेत काम लागलं तेव्हा धावाधाव. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी पैसे नको असतील तर तसं सांगून नुसती नोंद करून ठेवा.


जुना खेळाडू
१० जुलै २०२५, सकाळी ८.१०

सांजवातबाई, पोराशी बोललात का?


सांजवात
१३ जुलै २०२५, रात्री १०.५०

बोलले. म्हणजे बोलायला गेले आणि त्यानेच मला गार केलं.

आकडेमोड यांचा हिशोब वहीच्या पानावर उतरवला होता. ते पान टेबलावर राहिलं. सकाळी बघते तर खाली त्याच्या अक्षरात: 'मी ४०० देईन. वर ३२ राहतात, धाकटीच्या पोहण्याला.' आणि पुढे एक विजेची खूण, त्रिकोणात, धोक्याची असते ना तशी.

नवऱ्याला दाखवलं. तो पान घेऊन बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. मग म्हणाला, "पहिला पगार तरी देवापुढे." म्हटलं, ठीक, पहिला देवाचा.

अर्थात अजून अप्रेंटिसशिप कुठे आहे! कंत्राटदाराला लेखी मागितलं. म्हणाला, "अहो वहिनी, आपल्यात कागद कशाला." तेव्हाच मांजरबाई आठवल्या.

एचएमआरसीला कळवून टाकलं. कॉलेजच्या बर्सरीचाही अर्ज केला.


ऑफिसातली मांजर
१४ जुलै २०२५, दुपारी १२.३०

"आपल्यात कागद कशाला" म्हणणाऱ्याकडूनच कागद घ्यायचा असतो.


कार्डिफची काकू
१४ जुलै २०२५, दुपारी १.००

मुलाच्या त्या पानाची फ्रेम करा हो.


सांजवात
२२ ऑगस्ट २०२५, रात्री ९.१५

काल निकाल लागला. गणितात श्रेणी ५, विज्ञानात ५-५, इंग्रजीत ३. इंग्रजी ४ च्या खाली आली म्हणून कॉलेजात लेव्हल २ बरोबर तिचीही पुन्हा तयारी करावी लागणार, ती अटच आहे म्हणे. तोंड पाडून बसला होता. "घरी मराठी, शाळेत इंग्रजी, मी काय करू," म्हणे. बापाने सांगितलं, "मी इथे वीस वर्षं आहे, मला दोनसुद्धा पडले नसते." मग हसला.

कंत्राटदाराचा फोन लागत नाही. म्हणजे कॉलेज.

बर्सरीचा अर्ज एकदा परत आला. कॉलेजच्या ऑफिसने सांगितलं, जूनच्या पत्रकाचं एकच पान आहे. मी दोन्ही पाठवली होती, त्यांच्याकडे छापताना मागचं राहिलं असावं. वाद न घालता रात्रपाळी उतरल्यावर थेट गेले आणि समोर उभं राहून दिली. तिथल्या मुलीने शिक्का मारला, तेव्हा सुटले.


परतवारी
२२ ऑगस्ट २०२५, रात्री १०.००

इंग्रजीची परीक्षा नोव्हेंबरमध्ये पुन्हा देता येते. मीही दुसऱ्यांदाच पास झालो होतो. त्याला सांगा, आज मी पोटासाठी इंग्रजीत पत्रंच लिहितो.


सांजवात
२६ सप्टेंबर २०२५, सकाळी ९.३०

तिसरा आठवडा संपला. बर्सरी मंजूर झाली. बसचा पास, सुरक्षेचे बूट आणि हत्यारांची पेटी. रोख काही नाही. चाइल्ड बेनिफिट आणि युनिव्हर्सल क्रेडिट दोन्ही चालू आहे, म्हणजे खड्डा नाही.

पेटी अभ्यासक्रम संपल्यावर परत करायची आहे, म्हणून कशावरही नाव कोरायचं नाही अशी ताकीद आहे. त्याने फक्त टेस्टरच्या मुठीला लाल टेपचं एक वेटोळं घातलंय. काल स्वयंपाकघरातला सॉकेट उघडून मला आतल्या तिन्ही तारा दाखवल्या, मुख्य स्विच बंद करून, दोनदा तपासून. मी पोळ्या करत होते, अंधारात.

शनिवारी एका दुकानात आठ तासांचं काम धरलंय. आठवड्याला दहा पौंड टेबलावर ठेवतो. मी नको म्हणते.


परतवारी
२६ सप्टेंबर २०२५, सकाळी ९.४८

आणि घेता.


सांजवात
२६ सप्टेंबर २०२५, सकाळी ९.५०

आणि घेते.


रात्रपाळी
२६ सप्टेंबर २०२५, रात्री ११.४०

आमच्याकडेही बसचा पास आला! फक्त त्यावरचा फोटो दुसऱ्याच मुलीचा आहे. उद्या जाते ऑफिसात. मांजरबाई, काय काय न्यावं लागेल?